मित्रांबरोबर सायकलने केलेली तीर्थयात्रा ही खरी यात्रा की नुसती सहल?

तुम्ही लिहिलंय की चार मित्र मिळून सायकलने तीर्थयात्रेला निघायचं म्हणताय, पण घरची मंडळी 'ही सहल झाली, वाटेत गप्पा आणि खाणंपिणं, यात देव कुठे?' असं विचारतात. मी वसईकडचा कॅथलिक धर्मगुरू आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चार मित्रांसोबत वसईहून जुन्या गोव्याला सायकलने गेलो होतो, म्हणून उत्तर देतोय.

आधी घरच्यांची शंका. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू आईवडिलांबरोबर वल्हांडणाच्या सणाला यरुशलेमला जातो. परतताना तो मागेच राहतो आणि मरिया-योसेफाच्या हे दिवसभर लक्षातच येत नाही. असेल सोबतच्या मंडळींत कुठेतरी, असं त्यांना वाटतं. एका आईला अख्खा दिवस मुलाची काळजी वाटली नाही, म्हणजे ती मंडळी कशी चालत असतील बघा. नातेवाईक, शेजारी, या घोळक्यातून त्या घोळक्यात पळणारी पोरं, एकमेकांच्या शिदोरीतले घास. तीर्थयात्रा तेव्हाही गप्पा मारतच होत होती.

आमचं निमित्त असं. संत फ्रान्सिस झेवियर यांचं शव जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये आहे. त्यांना १२ मार्च १६२२ रोजी संतपद मिळालं, त्याला २०२२ मध्ये ४०० वर्षं झाली. त्यांचा सण ३ डिसेंबरला असतो आणि त्याआधी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. हे संत आमच्या वसईलाही येऊन गेलेले आहेत, जहाजाने, याच किनाऱ्याला धरून. आम्ही २२ नोव्हेंबरला निघालो. एक मित्र सोनचाफ्याची शेती करतो, एक रेल्वेत आहे, एक शाळेत शिक्षक. हा शिक्षक वारकरी घरातला. चौघांत तो एकटाच ख्रिस्ती नाही आणि यायला सगळ्यांत आधी तोच तयार झाला. चौथ्याबद्दल पुढे सांगतो. चौघेही माझ्या शाळेतले. गावात सगळे मला 'फादर' म्हणतात; हे चौघे अजून शाळेतल्या नावाने हाक मारतात.

रस्ता सागरी मार्गाचा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला बोटीने, मग अलिबाग, मुरूड, आगरदांड्याहून तरीने, म्हणजे खाडीपार नेणाऱ्या फेरीबोटीने, दिघी, पुढे श्रीवर्धन. बागमांडल्याची तर, दाभोळची तर, तवसाळ-जयगडची तर. नकाशात समुद्रकाठचा रस्ता सपाट दिसतो, त्याला भुलू नका. कोकणात प्रत्येक खाडीशी रस्ता खाली उतरतो, तरीतून पलीकडे गेलं की जेट्टीपासूनच चढ सुरू होतो, वर सडा, म्हणजे खडकाळ माळ लागतो, सड्यावर जरा पाय मोकळे होतात न होतात तोच पुन्हा उतार आणि पुन्हा खाडी. दिवसाला ६०-७० किलोमीटर धरा, त्याहून जास्त नको. पाणी सड्यावर चढण्याआधी भरून घ्या, वर मैलोन्‌मैल घर नसतं. शेवटच्या तरीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा. पंक्चरचं सामान प्रत्येकाकडे हवं. बाकी सराव कराल तसं जमतं.

मी मिस्सेचं, म्हणजे आमच्या रोजच्या उपासनेचं, सामान बरोबर घेतलं होतं: छोटा चषक, थोडा द्राक्षारस, भाकर, एक पांढरं कापड. धर्मग्रामातल्या, म्हणजे माझ्या चर्चच्या लोकांनी दिलेल्या विनंत्यांच्या चिठ्ठ्याही होत्या, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या. कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाचं ऑपरेशन. रोज पहाटे लॉजच्या टेबलावर कापड अंथरून मी मिस्सा करायचो आणि पाचसहा चिठ्ठ्या वाचायचो. शिक्षक मित्र मागे खाटेवर बसून ऐकायचा. एक दिवस तो म्हणाला, "माउली, आजच्या त्या ऑपरेशनवाल्या बाईसाठी मी दिवसभर नाम घेतो." तेव्हापासून तो रोज एक चिठ्ठी स्वतःसाठी ठरवून घ्यायचा. वारीत सगळे एकमेकांना माउली म्हणतात तसं तो आम्हालाही म्हणू लागला, आणि गुहागर येईस्तोवर आम्ही सगळेच एकमेकांना तसं म्हणत होतो.

दाभोळची तर ओलांडून धोपाव्याला उतरल्यावर जो चढ लागतो, तिथे माझ्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. मी सायकल आडवी टाकून रस्त्याच्या कडेला बसलो. मी तेवीस वर्षं धर्मगुरू आहे. आजाऱ्याच्या उशाशी मी असतो, मिरवणुकीत पुढे मी असतो. त्या चढावर माझ्या पिशव्या मित्राच्या सायकलवर गेल्या, दुसऱ्याने पोटऱ्या चोळल्या आणि मला काही बोलता येईना. कुणाची तरी गरज लागण्याची सवयच मला उरली नव्हती. त्या दिवसापासून मी शेवटी असायचो आणि प्रत्येक चढाच्या माथ्यावर चौघे माझी वाट बघत उभे असायचे.

आता चौथा मित्र. त्याची बायको या यात्रेच्या दीड वर्ष आधी वारली. अंत्यविधी मीच केला, प्रवचनही मीच दिलं. पुढचं बोलणं पापनिवेदन नव्हतं (धर्मगुरूपाशी दिलेली पापांची कबुली गुप्तच ठेवावी लागते), आणि त्याला विचारूनच इथे लिहितोय. रत्नागिरीत रविवारी आम्ही थांबलो, आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार होता. सोमवारी पहाटे निघालो. सड्यावर आलो तेव्हा उजाडत होतं, कापलेल्या गवताचा वास होता, आणि तो मुद्दाम मागे राहून माझ्या बाजूने चालवत होता. सायकलवर एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, नजर रस्त्यावर असते. कदाचित म्हणून त्याला बोलता आलं.

तो म्हणाला, "तू तेव्हा फार छान बोललास. सगळे म्हणाले, फादर काय बोलले! पण नंतर तू एकदाही येऊन नुसता बसला नाहीस. आलास तेव्हा फादर म्हणून आलास, प्रार्थना केलीस, घड्याळ बघितलंस आणि गेलास. मला माझा दोस्त हवा होता."

मी कारणं सांगणार होतो. त्या महिन्यात खरंच खूप कामं होती. पण समोर चढ आला आणि दम लागल्यामुळे बोलता येईना, ते बरंच झालं. वर पोचल्यावर मी एवढंच म्हणालो, "चुकलो." तो म्हणाला, "हो." मग आम्ही पूर्णगडाच्या खाडीपर्यंत काहीच बोललो नाही.

झेवियर यांच्याबद्दल एक गोष्ट मी दर ३ डिसेंबरला प्रवचनात सांगत आलोय. दूर मोलुक्का बेटांवर असताना, १५४६ मध्ये, त्यांनी युरोपातल्या सोबत्यांच्या पत्रांतून त्यांच्या सह्या कापून घेतल्या आणि त्या गळ्यातल्या पिशवीत जपून ठेवल्या. ते मित्र त्यांना पुन्हा कधी दिसले नाहीत. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर, जहाजाची वाट बघत, ते एका झोपडीत वारले, तेव्हा उशाशी एक चिनी तरुण तेवढा होता. ही गोष्ट मी 'त्याग' या विषयाखाली सांगायचो. देवासाठी सगळं सोडलेल्या माणसाने मित्रांची नावं मात्र सोडली नाहीत, याकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी पाहिलं, कारण माझ्या मित्राला सहीपुरतंही मी जवळ ठेवलं नव्हतं.

पुढचे दिवस सोपे होते असं नाही. विजयदुर्ग, कुणकेश्वर, मालवण, शिरोडा. २ डिसेंबरला तेरेखोलच्या खाडीतून केरीला उतरलो आणि म्हापसा-पणजी करत रायबंदरच्या जुन्या पुलावरून संध्याकाळी पोचलो. सिंधुदुर्गातून, बेळगावकडून पायी आलेल्या लोकांनी मैदान भरलं होतं. पाय सुजलेली एक आजी आमच्या सायकली बघून म्हणाली, "तुमचे पाय बरे रे!" तिच्या शेजारीच बसून आम्ही जेवलो.

वसईकरांनी तिथे एक गोष्ट जरूर बघावी. बॉम जेझूच्या भिंती जांभ्याच्या आहेत, जो जांभा दहा दिवस आमच्या चाकांखाली होता. पण दर्शनी भागातलं कोरीव काम काळ्या दगडात आहे, आणि तो दगड वसईकडून आणलेला. चौथा मित्र बराच वेळ त्या दगडावर तळवा टेकून उभा होता. मी चिठ्ठ्यांची पिशवी त्याच्या हातात दिली. आत जाऊन त्याने ती ठेवली, माझ्याऐवजी.

तर तुमच्या घरच्यांना सांगा, जाऊ द्या यांना. आणि तुम्ही एक करा: वेग सगळ्यांत हळू चालणाऱ्याचा ठेवा, आणि रोज थोडा वेळ प्रत्येकाबरोबर जोडीने चालवा. कानात गाणी नकोत.

मी आता दर गुरुवारी संध्याकाळी त्या चौथ्या मित्राकडे जातो. झगा घालत नाही, प्रार्थनेचं पुस्तक नेत नाही. गेल्या गुरुवारी तो अंगणात सायकलची चेन साफ करत होता. मी रॉकेलची वाटी धरून बसलो होतो.