ऱ्होड्सचा फॉर्म आपल्यासारख्यांनी भरावा का?

प्रश्न : ताई, मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात बीएस्सी फायनलला आहे. सातवीपर्यंत मराठी मीडियम. मार्क चांगले आहेत, ऑक्सफर्डला शिकायला मिळते त्या ऱ्होड्स स्कॉलरशिपला फॉर्म भरावा असं मनात आहे, पण मैत्रिणी म्हणतात ते दिल्ली-मुंबईच्या पोरांचं काम. एक क्लासवाला पैसे घेऊन निबंध लिहून देतो म्हणतोय, घरचे म्हणतात आमदारांचं शिफारसपत्र घेऊया. केमिस्ट्रीच्या सरांबरोबर गावच्या विहिरींचं पाणी तपासते, तेवढंच काय ते माझं वेगळं काम.

उत्तर : अगं, तू शेवटी "तेवढंच" म्हणून जे लिहिलंस ना, तुझा अख्खा अर्ज त्याच्यावर उभा राहू शकतो. मलप्रभा तुमच्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, तिथल्या पोरीने आपल्या गावचं पाणी लॅबमध्ये का नेलं, कुठल्या विहिरीपासून सुरुवात केली, काय सापडलं, ते गावात सांगितल्यावर बायका काय म्हणाल्या, पंचायतीने काही केलं का, हे सगळं साध्या इंग्लिशमध्ये लिही. मराठी मीडियम अजिबात लपवू नकोस.

क्लासवाल्याला आजच नाही म्हणून सांग. पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जातला तो निबंध, स्वतःचा स्वतःच लिहिलाय, दुसऱ्या कुणाची मदत घेतलेली नाही, असं ऱ्होड्सला लिहून द्यावं लागतं, म्हणून मला पण तपासायला पाठवू नकोस. आणि आमदारांनी तुला लॅबमध्ये कधी बघितलंय का? ज्या सरांनी तुझ्या चुका बघितल्या, परत प्रयोग करताना बघितलं, त्यांचं पत्र कितीतरी जड. त्यांना आधीच सांग, सोबत मार्कलिस्ट आणि कामाची माहिती लिहून दे, शेवटच्या आठवड्यात नको.

आता खरं सांगायचं तर अख्ख्या भारताला वर्षाला जागा पाचच असतात. मुलींना तर 1977 पासूनच घेऊ लागले. तरी भर, फॉर्म साधारण जून-जुलैत असतो, वयाची आणि फर्स्ट क्लासची अट आधी बघून घे. पण एकाच फॉर्मवर वर्ष लावू नकोस. घर एससी, भटक्या-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर किंवा पारंपरिक कारागिरांचं असेल तर परदेशात शिकायला केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे, 125 जागा, पदवीला 60 टक्के आणि घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत पाहिजे. परदेशी शिक्षणासाठी जे. एन. टाटा एंडोमेंट 1892 पासून चालू आहे पण ते कर्ज आहे, फेडावं लागतं, घरी बोलूनच ठरव.

महाराष्ट्र सरकारच्या स्कॉलरशिपच्या मागे लागू नकोस बाई, तिथे महाराष्ट्राचं डोमिसाईल मागतात, आपली पोरं मराठीत शिकूनही त्यात बसत नाहीत, याचं मला दरवेळी वाईट वाटतं. केंद्राची मायनॉरिटी स्कॉलरशिप पण धर्मावर आहे, भाषेवर नाही.

आणि एक, आपल्याकडे एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्कलिस्टवर बापाच्या नावाचं नुसतं इनिशियल असतं, आधारवर पूर्ण नाव आणि आडनाव, कन्नडमधून इंग्लिशमध्ये जाताना स्पेलिंग तिसरंच. मार्कलिस्ट, आधार, पासपोर्ट तिन्ही समोर ठेवून एकदा बघ आणि फरक असेल तर दुरुस्ती आत्ताच टाक, त्याला वेळ लागतो.