महिन्याभरात जास्तीत जास्त पक्षी? आधी जागा ठरव

महिन्याभरात पक्ष्यांच्या जास्तीत जास्त जातींचे फोटो काढायचेत म्हणतोस. त्यासाठी जानेवारी निवडलास, निम्मं काम झालं. लेन्सची चिंता सोड. यादीतल्या जाती वाढतात त्या अधिवास, म्हणजे पक्षी राहतात तशा जागा, बदलल्याने. पुण्यातून कवडीला नदीकाठी शेकाट्या, तुतवार, धोबी असे पाणपक्षी. सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीत स्वर्गीय नर्तक. सासवडकडच्या माळावर चंडोल, नशीब असेल तर धाविक. उजनी जलाशयाकाठचं भिगवण एकदाच, पण उजाडताना होडीत बसलेला हवास.

नवखे इथे चुकतात:

- एकाच खंड्याचे दोनशे फोटो. ओळखण्याइतका एक मिळाला की पुढे चल.
- शटरचा वेग १/२०० सेकंदावर. उडत्या पक्ष्याला १/२००० तरी ठेव, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे.
- मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं. नकोच. घरट्याजवळही जायचं नाही.

कावळा, साळुंकी, पारवाही यादीत धरायचे, बरं का! तुतवार मात्र एकमेकांसारखेच दिसतात, त्यांची नावं घरी येऊन लाव.