बाळ रात्री दर दोन तासांनी उठतं, ही आईनं लावलेली सवय का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी दहा महिन्यांची आहे, रात्री दर दोन तासांनी रडत उठते. सासूबाई म्हणतात अंगावरचं पुरत नाही, झोपताना म्हशीच्या दुधाची बाटली द्या, जायफळाचा एक वेढा चाटवा. आणि घरात सगळ्यांचं एकच मत, कडेवर घेऊन घेऊन तुम्हीच सवय लावलीत. हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही.

जायफळ देऊ नका. वेढा एक की तीन, सहाणेवर जोर किती, हे कोणी मोजत नाही. जास्त पोटात गेलं तर गुंगी येते, छातीचे ठोके वाढतात, झटकेही येऊ शकतात. गुंगी म्हणजे झोप नव्हे. मुंबईत गिरणीत कामाला जाणाऱ्या बायका एके काळी तान्ह्या पोरांना अफूची गोळी द्यायच्या, ती पोरंही शांतच पडून असायची.

आता माझं सांगते. आम्ही इचलकरंजीचे. खाली मागाचा गाळा, वर आम्ही. लोकांना वाटतं एवढ्या आवाजात बाळ झोपणार कसं? आमच्याकडची पोरं त्या खडखडाटातच झोपतात. उलट लाईट गेली, माग थांबले की घरातलं प्रत्येक मूल जागं होतं. माझा मुलगाही तसाच होता, एक वर्षाचा होईपर्यंत काहीच तक्रार नव्हती. मग हळूहळू झोप मोडायला लागली. माग चालू असतानासुद्धा झोळीत पाय झाडायचा. नुसतं कूस बदलणं नाही, टाचा एकमेकींवर घासायचा, इतक्या की झोळीच्या साडीला तिथं भोक पडलं. गादीवर घेतलं तर डोकं इकडून तिकडे, अर्ध्या तासानं रडणं, पुन्हा पाय. चार महिने मी सलग दोन तास झोपले नाही.

माझ्या मोठ्या जाऊबाईंची दोन्ही मुलं त्याच घरात, त्याच झोळीत वाढली. पाठ टेकली की झोपायची. त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा. "तू रडला की उचलतेस, म्हणून रडतो." हे त्यांनी माझ्या आईसमोर, शेजारणीसमोर, नवऱ्यासमोर म्हटलं. मी एक आठवडा उचललं नाही. तो आठवडा मला आजही आठवतो, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण पोराला खरंच त्रास होत होता.

झालं असं होतं, की रडला की जो तो बाटली द्यायचा. दिवसाला पाच बाटल्या, म्हणजे लिटरभर म्हशीचं दूध. पोट भरलेलं, मग वरण-भात, भाकरी कुस्करून दिली तर तोंड फिरवायचा. सगळे म्हणायचे, दूध पितोय ना, मग काय काळजी? दुधात लोह जवळजवळ नसतं, आणि बाकीच्या जेवणातलं लोह अंगी लागण्यात ते आडवं येतं. सोळाव्या महिन्यात लसीसाठी नेला तेव्हा डॉक्टरांनी त्याची खालची पापणी ओढून बघितली, आतून पांढुरकी. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.९, आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तळाला गेलेला. लोह कमी पडलं की मुलांचे पाय रात्री अस्वस्थ होतात, झोप मोडते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दूध अर्ध्या लिटरच्या आत आणलं, लोहाचं औषध सुरू केलं. दीडेक महिन्यात टाचा घासणं थांबलं. उचलणं मी तेव्हाही बंद केलेलं नव्हतं, आणि तरी तो झोपायला लागला. मग सवय कुठली?

आणि हे काही एखाद्याच घरातलं नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्त कमी निघालं. दहातली सात मुलं! आणि आपण आयांना सवयीवरून बोलतो.

तुमच्या मुलीचंही हेच असेल असं मी म्हणत नाही. दहाव्या महिन्यात मुलं आई दिसेनाशी झाली की घाबरतात, उभं राहायला शिकतात आणि झोपेतही तेच करू बघतात, दात येतात. बाळाच्या झोपेचा एक फेरा जेमतेम तासाभराचा असतो, प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी ते अर्धवट जागं होतंच. अंगावर पिणारं मूल रात्री दोनतीनदा उठलं तर त्यात काही बिघडलेलं नाही. दिवसरात्र मिळून बारा ते सोळा तास झोप होते का, एवढं बघा. संध्याकाळी पाचनंतरची लांब डुलकी आणि झोपताना मोबाईल, या दोन गोष्टी बंद करा, फरक पडतो. आणि बाटली नको. वर्षाच्या आत म्हशीचं किंवा गाईचं दूध हे मुख्य अन्न करायचं नसतं. त्यापेक्षा संध्याकाळी नाचणी, डाळ, घरात चालत असेल तर अंडं द्या.

मी डॉक्टर नाही. लोहाचं औषध माझं वाचून स्वतःच्या मनानं वाढवू नका, जास्त झालं तर तेही विषारी. आशाताई सहा महिन्यांपुढच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिली द्यायचं जे औषध देतात, ते मिळालं असेल तर फ्रीजवर पडलंय का ते बघा. आमच्याकडे ते तसंच पडून होतं. मूल रोज घोरत असेल, तोंडानं श्वास घेत असेल, तर नाकामागच्या गाठी तपासून घ्या, तो वेगळा विषय आहे.

आणि डॉक्टरांकडे जाताना, सवय लावली म्हणणारं जे कोणी असेल त्यांना बरोबर घेऊन जा. मी एकटी गेले. रिपोर्ट घेऊन घरी आले तर जाऊबाई भाकरी थापत होत्या. कागदाकडे न बघताच म्हणाल्या, "डॉक्टर काय, काहीतरी औषध देणारच." त्या घरात आजही ते मूल सवयीचंच होतं.