एमडी१२७, तीन डिस्क आणि चौथीवरची पुसलेली पाटी

तुमचा प्रश्न असा: मदरबोर्ड बदलल्यापासून लिनक्सवरचा चार डिस्कचा रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा टिकवणारा डिस्कसंच, म्हणजे अ‍ॅरे) उठत नाही. अ‍ॅरेचं नेहमीचं नाव एमडी० गायब आहे आणि त्याऐवजी तीनच डिस्क घेऊन एमडी१२७ या नावाने तो ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ बसलाय. त्यावर कुणीतरी एमडीएडीएम (लिनक्सवर रेड सांभाळणारी आज्ञा) ‘--क्रिएट’सह चालवायला सांगितलंय. ते आधी डोक्यातून काढा. क्रिएट म्हणजे जुनं घर उघडणं नव्हे, त्याच जागेवर नवं बांधणं. रेड ५ मध्ये तो शेवटची डिस्क रिकामी धरून लगेच तिच्यावर लिहायला लागतो. मी एकदा डिस्कचा क्रम चुकवून हे केलंय. चूक लक्षात येईपर्यंत बराच डेटा गेला होता.

तिन्ही डिस्कपुढचं (एस), म्हणजे ‘स्पेअर’, पाहून घाबरू नका. बूट होताना डिस्क सापडतील तशा गोळा होतात आणि अ‍ॅरे सुरू होईपर्यंत सगळ्यांपुढे (एस) दिसतं. तो चौथीची वाट पाहत अडकलाय, इतकंच.

खरी गोम चौथीच्या ‘--एक्झामिन’मध्ये (डिस्कवरची रेडची माहिती दाखवणारा पर्याय) आहे. तुम्ही दिलेल्या आउटपुटमध्ये सुपरब्लॉक (ही डिस्क कुठल्या अ‍ॅरेची, ही नोंद) नाहीच, नुसतं ‘एमबीआर मॅजिक एए५५’ आणि ‘टाइप ईई’ आहे. म्हणजे तिथे जीपीटी (डिस्कच्या पार्टिशनचा तक्ता) बसलीय. तुम्ही पार्टिशन न करता अख्ख्या डिस्क दिल्या होत्या. १.२ आवृत्तीचा सुपरब्लॉक डिस्कच्या सुरुवातीपासून ४ केआयबीवर, म्हणजे ५१२ बाइटच्या हिशेबाने ८ व्या सेक्टरवर असतो. जीपीटीची नोंदवही २ ते ३३ सेक्टरमध्ये. थेट त्याच्याच डोक्यावर! ही डिस्क पूर्वी जीपीटीची असेल तर तिची राखीव प्रत डिस्कच्या शेवटी उरलेली असते. काही फर्मवेअर ती पाहून पुढची जीपीटी आगाऊपणे ‘दुरुस्त’ करतात. नव्या बोर्डाने हेच केलं असावं असा माझा अंदाज. डिस्क बहुधा धडधाकट आहे, तरी स्मार्टचे (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) आकडे बघून घ्या.

आता उरलेल्या तिघींच्या ‘--एक्झामिन’मधले ‘इव्हेंट्स’ (अ‍ॅरेतल्या बदलांचा मोजणी-आकडा) ताडून पाहा. आकडा एकच असेल तर ‘--फोर्स’ची (जबरदस्तीने जोडण्याची) गरज बहुधा नाही, रेड ५ तिघींवर चालतो. आधी ‘एमडीएडीएम --स्टॉप’ने एमडी१२७ सोडवा, नाहीतर डिस्क ‘बिझी’ म्हणून अडतील. मग त्या तिघींची नावं देऊन ‘--असेंबल --रन --रीडओन्ली’. अ‍ॅरेवरची फाइल सिस्टिम ईएक्सटी४ असेल तर माउंट करताना ‘आरओ’सोबत ‘नोलोड’ही द्या. नाहीतर जर्नल (बदलांची नोंदवही) अर्धवट राहिलं असेल तर ते पुरं करायला तो लिहू पाहतो आणि माउंटच होत नाही. फाइली दिसल्या की दुसरीकडे पूर्ण बॅकअप. हे होईपर्यंत चौथीला हात लावायचा नाही.

बॅकअप झाला की ‘एसजीडिस्क --झॅप-ऑल’ फक्त चौथीवर, म्हणजे जीपीटीच्या दोन्ही प्रती जातील. सीरियल नंबर बघूनच चालवा, कारण नव्या बोर्डावर एसडीए, एसडीबी ही नावं सहज अदलाबदल होतात. मग अ‍ॅरे ‘--रीडराइट’ करून ‘--अ‍ॅड’. बाकीच्या तिघींवरही शेवटी जुनी जीपीटी लपलीय का, ते ‘वाइपएफएस’ कोणताही पर्याय न देता चालवून बघा. तसा तो फक्त दाखवतो, पुसत नाही.

रीबिल्ड संपला की ‘--डिटेल --स्कॅन’ची ओळ एमडीएडीएम.कॉन्फमध्ये टाका आणि इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी चढणारी छोटी फाइल सिस्टिम) नव्याने बनवा. डेबियन-उबुंटूवर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’, फेडोरावर ‘ड्रॅकट -एफ’. हे राहिलं तर पुढच्या बूटला परत एमडी१२७ च दिसेल.

इव्हेंट्सचे आकडे जुळले नाहीत तर तिथेच थांबा आणि तिन्ही आउटपुट जसेच्या तसे टाका.