मंडळाची हार्ड डिस्क, फाइव्ह पॉइंट वनची डीव्हीडी आणि वकिलाची नोटीस

प्रश्न : सांगलीत विश्रामबागला माझा छोटा स्टुडिओ आहे. जुन्या कॅसेट डिजिटल करून देणं, डीव्हीडी बनवणं अशी कामं करतो. एका नाट्यसंगीत मंडळाने विष्णुदास भावे नाट्यमंदिरातल्या आपल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर आणून दिलं. रेकॉर्डिंग दुसऱ्या माणसाने केलेलं, सहा चॅनेलच्या सहा वेगळ्या फ्लॅक फाइल (आवाजाचा दर्जा न घटवता साठवणाऱ्या), २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. ‘होम थिएटरवर घुमेल अशी डीव्हीडी करा’ असं सेक्रेटरींनी व्हॉट्सॲपवर लिहिलं. मी एसी-३ या दाबलेल्या आवाजाच्या प्रकारात ५.१ (पाच स्पीकर आणि एक बसचा) करून, ४४८ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ४४८ हजार बिट ठेवून, ५० डीव्हीडी दिल्या. आता वकिलाची नोटीस आली आहे. नव्वद टक्के आवाज काढून टाकला, मूळ रेकॉर्डिंगची नासधूस केली, गायिकेचा आवाज उजव्याच स्पीकरमधून येतो, टाळ्यांच्या जागी धपधप ऐकू येते, गायिकेची बदनामी झाली, सबब पंधरा दिवसांत पैसे परत, २ लाख भरपाई, शिवाय कॉपीराइटची फौजदारी. माझे ६,५०० रुपये बाकी आहेत म्हणून डिस्क मी अजून दिलेली नाही. फॉरमॅट बदलणं हा गुन्हा आहे का? पदं तर देवलांची, शंभर वर्षांपूर्वीची. आणि हीच फाइल पेन ड्राइव्हवरून मिरजेत मित्राच्या होम थिएटरच्या दुकानात डेमोला वाजते, गिऱ्हाईक खूश होतं. मग ती खराब कशी?

उत्तर : फॉरमॅट बदलला म्हणून तुमच्यावर गुन्हा होत नाही. पण पत्राच्या शेवटी मिरजेच्या दुकानाबद्दल तुम्ही जे सहज लिहून गेलात, तिथे मात्र पाय अडकलेला आहे. नोटिशीत त्याचा उल्लेख नाही, म्हणजे मंडळाच्या कानावर ते अजून गेलेलं नसावं. त्याकडे येतोच.

आधी नोटिशीतलं. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १४ प्रमाणे ध्वनिमुद्रणावरून दुसरं ध्वनिमुद्रण तयार करणं, ते कोणत्याही माध्यमात साठवणं हा मालकाचा हक्क आहे. मालक म्हणजे निर्माता, आणि निर्माता म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते मुद्रण करवून घेतलं तो. इथे मंडळ. त्याच मंडळाच्या सेक्रेटरींनी तुम्हाला डीव्हीडी करायला सांगितलं. कायद्याला परवानगी लेखी लागते, पण माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मुळे इलेक्ट्रॉनिक मजकूरही लेखीच धरला जातो, त्यामुळे व्हॉट्सॲपचा तो मेसेज तुमची ढाल आहे. फोन बदलायचा विचार असेल तर तूर्त बदलू नका.

नव्वद टक्क्यांचा आरोप मोठा वाटतो. हिशेब केला तर नोटीसवाल्यांनी उलट कमीच सांगितलंय. सहा चॅनेल, सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने म्हणजे मोजमापं, प्रत्येकी २४ बिट म्हणजे सेकंदाला ६९ लाख १२ हजार बिट. तुम्ही दिले ४ लाख ४८ हजार. साधारण पंधरावा भाग. पण डीव्हीडी-व्हिडिओमध्ये न दाबलेल्या आवाजाला जास्तीत जास्त ६१ लाख ४४ हजार बिटांचीच जागा असते. म्हणजे मंडळाने दिलेला आवाज सहाही चॅनेलसकट, आहे तसा त्या तबकडीवर बसलाच नसता. एसी-३ ला तिथे ४४८ ही वरची मर्यादा आहे आणि तुम्ही ती पूर्ण वापरलीत. सभासदांपैकी बऱ्याच जणांच्या घरी प्लेअर आणि ॲम्प्लिफायरमध्ये ऑप्टिकल केबल असणार. तिच्यातून न दाबलेले दोनच चॅनेल जातात, सहा हवे असतील तर दाबलेलाच आवाज पाठवावा लागतो. हे सगळं उत्तरात आकड्यांनिशी लिहा. वकिलांना आकड्यांचा कंटाळा असतो, पण ग्राहक आयोगात हेच आकडे तुम्हाला तारतील.

गायिकेच्या बदनामीचा मुद्दा कलम ३८-ब मधून आलाय. २०१२ च्या दुरुस्तीने कलाकाराला हा हक्क मिळाला. आपल्या सादरीकरणाची मोडतोड होऊन नावाला बट्टा लागला तर कलाकार दाद मागू शकतो. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात असंही आहे की निव्वळ तांत्रिक कारणासाठी करावा लागलेला बदल नावाला बाधक मानायचा नाही. डीव्हीडीसाठी आवाज दाबणं यात बसतं असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय हा हक्क गायिकेचा स्वतःचा आहे आणि नोटीस तिने नाही, मंडळाने दिलीय.

आता उजव्या स्पीकरचं. नोटिशीतला हा एकच परिच्छेद मला खरा वाटतो. एका ध्वनिमुद्रकाला मी तो वाचून दाखवला, तर त्याने पुढचं न ऐकताच निदान केलं. सिनेमावाल्यांच्या पद्धतीत सहा चॅनेलचा क्रम डावा, मधला, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा आणि शेवटी बसचा असा असतो. तुमचं एन्कोडर (एसी-३ बनवणारं सॉफ्टवेअर) मात्र डावा, उजवा, मधला, बसचा, मागचा डावा, मागचा उजवा असा क्रम धरतं. रेकॉर्डिस्टने फाइलींना नुसते एक ते सहा आकडे दिले असतील आणि तुम्ही त्या तशाच ओढून टाकल्या असतील, तर गायिकेची मधली फाइल उजव्या स्पीकरला गेली आणि प्रेक्षकांच्या टाळ्यांची फाइल बसच्या चॅनेलला. तो चॅनेल जेमतेम १२० हर्ट्झपर्यंतचाच आवाज ठेवतो. टाळ्यांतली सगळी कडकड गेली आणि धपधप उरली. मिरजेच्या दुकानातलं गिऱ्हाईक कदाचित त्या धपधपीवरच खूश होत असेल, ते सोडा.

आज रात्रीच एक डीव्हीडी लावून ऐका. प्रकार असाच निघाला तर ३८-ब चं स्पष्टीकरण तुम्हाला वाचवणार नाही, कारण ही तांत्रिक गरज नव्हे, चूक आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ही सेवेतली त्रुटी होते. म्हणून उत्तरातच सांगून टाका की क्रम दुरुस्त करून ५० डीव्हीडी बिनखर्चात बदलून देतो. करार कायद्याच्या कलम ७३ खाली नुकसान म्हणजे चुकीमुळे सरळ घडलेलं तेवढंच. इथे ते पन्नास तबकड्या पुन्हा बनवण्यापलीकडे फारसं जात नाही, आणि ती भरपाई तुम्ही स्वतःहून देऊ केलीत की २ लाखांच्या मागणीला टेकू उरत नाही.

हार्ड डिस्कबाबत तुमची बाजू कायद्यात बरी आहे, व्यवहारात वाईट. एखादी वस्तू कामासाठी सोपवली आणि तुम्ही तिच्यावर कसब वापरून काम केलं, तर मजुरी मिळेपर्यंत ती अडवून ठेवता येते, हे करार कायद्याचं कलम १७०. पण अट अशी की काम ठरल्याप्रमाणे झालेलं असावं. चॅनेल उलटेपालटे झाले असतील तर मंडळ नेमकं इथेच बोट ठेवेल. त्यात मंडळाकडे मूळ रेकॉर्डिंगची दुसरी प्रत नसेल आणि डिस्क तुमच्या कपाटात बंद पडली, तर ६,५०० रुपयांपायी किती लाखांचं गळ्यात येईल सांगता येत नाही. शिवाय डिस्क परत देत नाही एवढ्यावर विश्वासघाताची तक्रार घेऊन कुणी पोलिस ठाण्यात गेलं, तर लीन (मजुरीपोटी वस्तू अडवून ठेवायचा हा हक्क) म्हणजे काय हे ठाणे अंमलदाराला समजावण्यात तुमचे दोन दिवस जातील. देऊन टाका. बाकीची मागणी पत्रात कायम ठेवा.

फक्त देण्याची रीत सांभाळा. मूळ फाइलींची नासधूस केली या आरोपाला सगळ्यात चोख उत्तर त्या फाइलींच्या पोटातच आहे. फ्लॅक फाइल तयार होताना मूळ आवाजाचा एमडी-५ हॅश, म्हणजे आवाजाच्या आकड्यांवरून काढलेला ठसा, तिच्या सुरुवातीला लिहिला जातो. फाइल उलगडून तो पुन्हा काढला आणि जुळला, तर ती फ्लॅक फाइल तयार झाल्यापासून आवाजाचा एक नमुनाही बदललेला नाही हे दिसतं. ही तपासणी मंडळाच्या दोन माणसांसमोर करा, सहाही फाइलींचे एसएचए-२५६ हॅश (तसाच ठसा, पण पूर्ण फाइलचा) काढून कागदावर लिहा, खाली सगळ्यांच्या सह्या घ्या, मगच डिस्क हातात द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र जोडावं लागतं त्याच्या नमुन्यात हॅशचा रकानाच आहे. तुमचा कागद तिथे जसाच्या तसा उपयोगी पडेल. तोवर त्या डिस्कवर काहीही कॉपी करू नका, नावं बदलू नका.

आता मिरज. मंडळाने तुम्हाला डीव्हीडी करायला सांगितलं होतं, मित्राच्या दुकानात वाजवायला नाही. गिऱ्हाइकांसमोर वाजवणं म्हणजे ध्वनिमुद्रण लोकांपर्यंत पोचवणं, आणि तेही धंद्यासाठी. वैयक्तिक वापराची जी सवलत कलम ५२ मध्ये आहे ती इथे लागत नाही. तुम्ही मित्राकडून पैसे घेतले नसतील, तरी त्याचे स्पीकर त्यावर विकले जातात. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. निट प्रो इंटरनॅशनलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवलाय, म्हणजे पोलिसांना वॉरंटची वाट बघावी लागत नाही. त्यात सोपवलेल्या वस्तूचा परवानगीबाहेर वापर केल्याबद्दल करार कायद्याचं कलम १५४ वेगळंच.

पदं देवलांची आहेत हा बचाव इथे चालत नाही. गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे त्यांची पदं कुणीही म्हणावीत. पण भावे नाट्यमंदिरात त्या संध्याकाळी झालेलं मुद्रण ही वेगळी मिळकत आहे. ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं त्यावर मंडळाचा हक्क राहील, आणि गायिकेचे कलाकार म्हणून हक्क निराळे.

मित्राला आजच फोन करा आणि डेमो बंद करायला सांगा. त्याच्याकडचा पेन ड्राइव्ह परत घ्या, पण पुसू नका. पाकिटात घालून तारीख टाकून ठेवा, पुढे पुरावा नष्ट केल्याचं लचांड नको. नोटिशीच्या उत्तरात हा विषय आपणहून काढावा की नाही हे तुमच्या वकिलाशी बोलून ठरवा. पण आमच्या वकिलीच्या धंद्यात एक ठरलेलं वाक्य असतं, ‘माझ्या अशिलाने सदर मुद्रणाची प्रत कोणासही दिलेली नाही.’ सवयीने ते मसुद्यात आलं असेल, तर सही करण्याआधी खोडायला लावा. तडजोड झालीच तर तिच्यात ‘सर्व प्रती, कोठेही असलेल्या’ मंडळाला सुपूर्द केल्या आणि त्याबाबतची कुठलीही तक्रार उरली नाही असं कलम घालून घ्या. माझ्या मते या प्रकरणात तडजोड करायचं खरं कारण हेच आहे, ते ६,५०० रुपये नव्हेत.

डीव्हीडीच्या कव्हरवर तुम्ही डॉल्बीचं चिन्ह छापलं आहे का, हेही बघा. एसी-३ म्हणजेच डॉल्बी डिजिटल, त्यावरची पेटंटं २०१७ मध्ये संपली, पण ट्रेडमार्क दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून कितीही काळ चालू ठेवता येतो. आवाजाचा प्रकार माहिती म्हणून लिहिणं वेगळं, त्यांचं चिन्ह विनापरवाना छापणं वेगळं. नव्या पन्नास डीव्हीडींच्या कव्हरवरून ते काढून टाका.

राहिली मुदत. नोटिशीत पंधरा दिवस लिहिलेत. ते उलटले म्हणून आकाश कोसळत नाही, तरी आठवडाभरात उत्तर स्पीड पोस्टाने जाऊ द्या. खरी मुदत सुरू होते ती मंडळ सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेलं तर. कामाचा मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला तिथे फी नाही, त्यामुळे जाणं सोपं आहे. आयोगाची नोटीस आणि तक्रारीची प्रत हातात पडल्यापासून कैफियत (लेखी उत्तर) द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय की त्यापुढे एक दिवसही वाढवून मिळत नाही. सेक्रेटरींशी चहावर बोलणी चालू आहेत म्हणून हे पंचेचाळीस दिवस थांबत नाहीत. पाकीट आलं की त्यावर तारीख टाका आणि दुसऱ्याच दिवशी वकील गाठा.