मंजुरी रखडली, कंपनी गप्प : भागधारकाने नेमकं काय विचारावं?

प्रश्न : मी पिंपरीतल्या कारखान्यातून निवृत्त झालो, सिंहगड रस्त्याला राहतो. ग्रॅच्युइटीतून एका लिस्टेड औषध कंपनीचे 1,200 शेअर घेतले. नव्या औषधासाठी केंद्रीय औषध नियंत्रकांकडे अर्ज केल्याचं कंपनीने दोन वर्षांपूर्वी शेअर बाजाराला कळवलं. तेव्हापासून दर तिमाहीला एकच वाक्य : 'मंजुरी लवकरच अपेक्षित.' भाव निम्म्यावर आला. तीन ई-मेलना कंपनी सेक्रेटरींचं उत्तर आलं, 'योग्य वेळी कळवू.' ऑनलाइन एजीएममध्ये (वार्षिक सर्वसाधारण सभेत) दोन मिनिटं बोलू दिलं, उत्तर दिलं नाही. मला काही हक्क आहे का? नुकसानभरपाई मिळेल का?

उत्तर : हक्क आहे. मात्र तुमच्या तिन्ही ई-मेलमध्ये तुम्ही 'मंजुरी कधी मिळणार?' एवढंच विचारलं आहे, आणि ती तारीख कंपनीच्या हातात नाही. त्यामुळे 'योग्य वेळी कळवू' म्हणून सुटणं त्यांना सोपं गेलं. प्रश्न घडून गेलेल्या गोष्टींचा विचारा. नियंत्रकांनी त्रुटी काढल्या का, कोणत्या तारखेला? जादा माहिती किंवा नवी चाचणी मागितली का? कंपनीने त्याला उत्तर दिलं का? 'लवकरच' हा शब्द कशाच्या आधारावर वापरला?

यामागे शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीचे 2015 चे लिस्टिंग आणि प्रकटीकरणाचे नियम आहेत. नियम 30 प्रमाणे महत्त्वाच्या परवान्याची किंवा मंजुरीची घडामोड कंपनीच्या दृष्टीने मोठी असेल तर ती शेअर बाजाराला कळवावी लागते. कंपनीबाहेर घडलेल्या घटनेला साधारण 24 तासांची मुदत असते. निव्वळ उशीर ही कळवायच्या घटनांच्या यादीत नाही, हे मान्य करायला हवं. पण तुमच्यासाठी याच नियमातलं उपकलम 7 मोलाचं आहे : एकदा जाहीर केलेल्या घटनेतल्या महत्त्वाच्या घडामोडी, विषय संपेपर्यंत, स्पष्टीकरणासह नियमितपणे कळवत राहायच्या. अर्जाची बातमी कंपनीने स्वतःहून दिली होती. भाव चढवणारी बातमी सांगायची आणि नंतरचे अडथळे दडवायचे, हे मला कायद्याच्या आणि सचोटीच्या, दोन्ही दृष्टींनी चूक वाटतं.

एका बाबतीत मात्र सेक्रेटरींची बाजू बरोबर आहे. जाहीर न झालेली, भावावर परिणाम करणारी माहिती ते तुम्हाला एकट्याला देऊ शकत नाहीत. ओळखीतून कुणी कानात सांगितलंच आणि त्यावर तुम्ही शेअर विकले किंवा घेतले, तर इनसायडर ट्रेडिंगच्या चौकशीत तुम्हीच सापडाल. म्हणून मागणी अशी करा : 'मला नको, शेअर बाजाराला कळवा.'

पत्र लिहिण्याआधी घरबसल्या एक काम करा. नव्या औषधांचे प्रस्ताव सीडीएससीओच्या, म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रकांच्या संस्थेच्या, विषय तज्ज्ञ समितीपुढे जातात आणि तिच्या बैठकांची इतिवृत्तं त्यांच्या संकेतस्थळावर असतात. त्यात कंपनीचं नाव, प्रस्ताव आणि समितीची शिफारस असते. तुमच्या औषधाबद्दल 'आणखी माहिती सादर करावी' अशी नोंद सापडली आणि त्यानंतरही कंपनी 'लवकरच'च म्हणत असेल, तर तुमची तक्रार कागदावर उभी राहते. विश्लेषकांसोबतच्या तिमाही कॉलचं ध्वनिमुद्रण आणि लिखित प्रत कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा. तिथे दिलेलं उत्तर आणि तुम्हाला आलेलं उत्तर शेजारी ठेवून वाचा.

मग कंपनीला पत्र पाठवा. सेक्रेटरींसोबत भागधारकांच्या तक्रारी पाहणाऱ्या समितीच्या अध्यक्षांनाही प्रत द्या. समाधान झालं नाही तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार नोंदवा. कंपनीला 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि ते पटलं नाही तर 15 दिवसांत फेरतपासणी मागता येते. शेअर बाजारालाही लिहा, कारण बाजाराने विचारलेल्या प्रश्नाला नेमकं आणि पुरेसं उत्तर देणं कंपनीला बंधनकारक आहे. आकुर्डीच्या कंपनी निबंधक कार्यालयात खेटे घालू नका. हा विषय सेबीचा आहे.

भरपाईबद्दल तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. भाव पडला म्हणून स्कोअर्सवर पैसे मिळत नाहीत. दिशाभूल झाल्याचा पुरावा असेल तर कंपनी कायद्याच्या कलम 245 खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय महाराष्ट्रात असेल तर मुंबईला, सामूहिक दावा करता येतो. त्यासाठी 100 भागधारक किंवा एकूण भागधारकांच्या 5 टक्के, यांपैकी कमी असतील तेवढे हवेत. नाहीतर 2 टक्के भागभांडवल तरी हवं. वरचे कागद हाती येण्याआधी त्या खर्चात पडू नका. ग्रॅच्युइटीचा पैसा आधीच अडकला आहे.

आणि मुदत सांभाळा. स्कोअर्सवर तक्रार कारण घडल्यापासून एक वर्षाच्या आत करावी लागते. सेक्रेटरींच्या पहिल्या 'योग्य वेळी कळवू'ची तारीख काढा, म्हणजे हाताशी किती दिवस आहेत ते कळेल.