पाचला उठायचं ते कुणासाठी?

प्रश्न : ताई, मी यावल तालुक्यातला, वय ३४, किराणा दुकान आहे, रात्री साडेदहाला बंद होतं. आमच्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज पहाटे पाचला पळायला जाणाऱ्यांचे फोटो येतात. मी पण सुरू केलं, शूज घेतले, गार पाण्याने आंघोळ, चहा बंद. एकवीस दिवसात सवय लागते म्हणतात, मी बावीस दिवस केलं आणि तेविसाव्या दिवशी झोपलो ते झोपलोच. असं तीनदा झालं. बायको हसते. माझ्यात जिद्दच नाही का?

उत्तर : भाऊ, आधी ते एकवीस दिवस डोक्यातून काढा. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी १९६० च्या पुस्तकात लिहिलं की ऑपरेशननंतरचा नवा चेहरा आपलासा वाटायला पेशंटला कमीत कमी २१ दिवस लागतात. पुढे सांगणाऱ्यांच्या तोंडून ते 'कमीत कमी' गळालं आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली, झालं. नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना घेऊन अभ्यास केला, २०१० साली तो छापून आला. त्यात सवय अंगवळणी पडायला १८ पासून २५४ दिवसांपर्यंत कितीही लागू शकतात असं दिसलं, मधला आकडा ६६. मध्ये एखादा दिवस हुकला तरी फार बिघडत नाही. आणि मला आवडलेली गोष्ट म्हणजे कुठली सवय लावायची ते ज्याचं त्याने ठरवलं होतं आणि रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडलं होतं, म्हणजे जेवण झालं की अमुक करायचं, असं.

तुमचं काय झालं? ग्रुपमधले बाकीचे नऊ-साडेनऊला आडवे होत असतील, तुम्ही तेव्हा गिऱ्हाइकाला डाळ मोजून देताय. घरी येऊन हिशोब, मग कळण्याची भाकरी, झोपायला बारा. त्यावर पाचचा अलार्म! तुमच्या भागात केळीवाले आहेत, त्यांना विचारा, शेजाऱ्याचा बाग घडावर आलाय आणि आपला दोन महिन्यांचा, तर त्याने जे खत ड्रिपमधून सोडलं तेच आपण सोडायचं का? (सोडणारे आहेत, नाही असं नाही.)

मी काही शहाणी नाही हां. जळगावला नोकरीला असताना एक सहकारी मैत्रीण चारला चहाला जायची म्हणून मी पण जायचे, तिची बदली झाली तरी दोन वर्षं मी त्याच टपरीवर चारला उभी, आणि मला तो चहा आवडायचाच नाही, फार गोड असायचा.

आता तुम्हाला नेमकं काय हवंय ते बघा. पोट कमी करायचंय, की दिवसभर गल्ल्यावर बसून पाय आखडतात, की नुसतं ग्रुपवर फोटो टाकायचाय? तिसरं असेल तर शूज मुलाला देऊन टाका. पाय आखडत असतील तर शटर ओढलं की चालत घरी जायचं, एवढंच धरा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा रात्रीचंच चालणं बरं. चहा सुरू ठेवा, त्याने तुमचं काय घोडं मारलंय? फक्त गाडी सकाळी दुकानावर नेऊ नका, समोर दिसली की किक मारणारच तुम्ही. आणि वाटेत भज्यांची गाडी लागत असेल तर पलीकडच्या गल्लीतून जा, हे मात्र अनुभवाने सांगतेय.